स्वतंत्र रॉक बँड शोधायचा कसा आणि त्याच्या शोंचा माग ठेवायचा कसा

गाणं मोबाइलवर सापडतं, आवडतं, बँडला फॉलो केलं जातं. मग वर्षभराने कळतं की तोच बँड आपल्या आवाक्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये वाजवून गेला आणि आपल्याला पत्ताच नव्हता. काही जण शोपर्यंत पोचतात, पण मुख्य बँडच्या आधी वाजवणारा ओपनिंग बँड चुकवून. काही जण एकच शो बघतात, आवाज वाईट होता म्हणून बँडवर फुली मारतात. या तिन्ही ठिकाणी आवड पुरेशी असते, फक्त पायऱ्यांचा क्रम उलटा झालेला असतो.

स्वतंत्र बँड म्हणजे स्वतःच्या खर्चाने किंवा एखाद्या छोट्या लेबलच्या (रेकॉर्ड कंपनीच्या) मदतीने रेकॉर्ड काढणारा, जाहिरातीला पैसे नसलेला बँड. तारखा उशिरा जाहीर होतात, जागा छोट्या असतात, तुमच्यापर्यंत बातमी पोचवणारं कुणी नसतं. हे काम ऐकणाऱ्यालाच करावं लागतं. माझं मत ठाम आहे: असा बँड पहिल्या शोमध्ये आवडतो आणि दुसऱ्या शोमध्ये कळतो. पुढची सगळी तयारी त्या दुसऱ्या शोपर्यंत पोचण्यासाठी आहे.

१. आधी कानांची सोय

तिकिटाच्या आधी इअरप्लग घ्या. छोट्या हॉलमध्ये ड्रम आणि गिटारचे अँप (ॲम्प्लिफायर) तुमच्यापासून हाताच्या अंतरावर असतात, आवाज सहज १०० डेसिबलपर्यंत जातो. अमेरिकेतली कामगार-आरोग्याची संस्था नायॉश ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा मानते आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी करते. हिशोब केलात तर १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. ओपनिंग बँडचा निम्मा सेटसुद्धा त्यात धड बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी काढलेल्या मापदंडात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. पण प्रत्येक जागा ते पाळेलच याची खात्री नाही, म्हणून प्लग खिशात हवेत.

फोमचे स्वस्त प्लग कान वाचवतात, मात्र वरच्या पट्टीतला आवाज जास्त कापतात, त्यामुळे गाणाऱ्याचे शब्द गढूळ होतात. संगीतासाठी बनवलेले फिल्टरचे प्लग सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या उतरवतात. नियमित शो बघणार असाल तर तेच घ्या.

फोमचा प्लग बहुतेक लोक अर्धवट घालतात. बोटांमध्ये वळून त्याची बारीक, सुरकुती नसलेली कांडी करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, कांडी आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा.

*तपासा:* दोन्ही कानांवर तळहात घट्ट दाबा. आवाजात फारसा फरक पडला नाही तर प्लग नीट बसला आहे. आवाज खूप कमी झाला तर काढा, पुन्हा घाला.

बाकी तयारी छोटी आहे: शोंसाठी वेगळं कॅलेंडर आणि एक वही. फोनमधली नोंद चालते, पण अंधारात स्क्रीन पेटवली की मागच्यांच्या डोळ्यांवर येते. खिशात मावणारी वही आणि पेन्सिल उत्तम.

२. शोध गाण्यापासून नको, जागेपासून सुरू करा

इथेच बहुतेकांचं चुकतं. स्ट्रीमिंगवर सापडलेला बँड तुमच्या जवळ कधी वाजवेलच असं नाही. म्हणून उलट या. तुम्हाला रात्री जाऊन परत येता येईल अशा, साधारण दीड-दोनशे ते चारशे लोक मावतील अशा जागांची यादी करा. प्रत्येकीच्या कार्यक्रमांचं पान आठवड्यातून एकदा वाचा. वाचताना ठळक अक्षरातल्या नावाच्या खाली बघा. बारीक अक्षरात जो ओपनिंग बँड लिहिलेला असतो, तुमचा पुढचा आवडता बँड बहुधा तिथेच आहे.

प्रत्येक ओपनिंग बँडचं एक गाणं ऐका. पूर्ण ऐका, पहिली वीस सेकंदं नव्हे. आवडलं तर बँड जिथे आपलं संगीत थेट विकतात त्या बँडकॅम्प या संकेतस्थळावरचं त्याचं पान उघडा आणि लेबल कोणतं, त्या लेबलवर दुसरं कोण, हे बघा. छोटी लेबलं एक-दोन माणसांच्या आवडीवर चालतात, त्यामुळे एक बँड आवडला तर शेजारचाही आवडण्याची शक्यता बरीच. दुसरा धागा म्हणजे एकत्र वाजवलेले शो. जुनी पोस्टरं बघा: कोण कोणासोबत पुन्हा पुन्हा दिसतं? ज्या बँडना एकमेकांबद्दल आदर असतो ते एकमेकांना शोला बोलावतात. कुठल्याही अल्गोरिदमपेक्षा ही शिफारस जास्त विश्वासाची.

मग एक लाइव्ह रेकॉर्डिंग बघा. सिएटलचं केईएक्सपी रेडिओ स्टेशन, शिकागोचं ऑडिओट्री, अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओची टायनी डेस्क मालिका यांनी स्वतंत्र बँडची असंख्य सत्रं ठेवली आहेत. बँड तिथे नसला तर प्रेक्षकाने काढलेला एखादा व्हिडिओ बघा. स्टुडिओत गिटारचे पाच थर चढवता येतात, मंचावर हात दोनच असतात. ती पोकळी बँड कशी भरतो, ते बघायचं.

*सावधान:* एकाच नावाचे अनेक बँड असतात. साँगकिक किंवा बँड्सइनटाउन या शोंच्या तारखा दाखवणाऱ्या ॲपवर नाव टाकून तारखा दिसल्या की आधी फोटो आणि गाणी जुळवा. दुसऱ्याच कुणाच्या शोचं तिकीट हातात पडण्याचे प्रकार खरोखर होतात.

३. तिकीट लवकर, ओळख बेताची

छोट्या शोचं तिकीट "दारातच घेऊ" म्हणून सोडू नका. दारात मिळेलही, पण प्रश्न बँडचा आहे. आयोजक आगाऊ विक्रीचे आकडे बघत असतो. आकडा फार कमी असला तर शो छोट्या जागेत हलतो किंवा रद्द होतो. दोनशेच्या हॉलमध्ये तीस जणांनी आधी तिकीट काढलं तर चित्र बदलतं. पाठिंबा द्यायचा असेल तर लवकर घेतलेलं तिकीट हा त्याचा सर्वात परिणामकारक प्रकार आहे.

तिकिटाची लिंक नेहमी बँडच्या किंवा जागेच्या अधिकृत पानावरूनच उघडा. शोधयंत्रावर वर दिसणारी लिंक बऱ्याचदा पुनर्विक्रेत्याची जाहिरात असते. काही विक्रेते तर हातात नसलेली तिकिटंही विकायला मांडतात. जाता आलं नाही तर अधिकृत परतीच्या सोयीतून किंवा मूळ किमतीला तिकीट पुढे द्या.

शोच्या आधी किती ऐकावं? नवा अल्बम दोन-तीनदा आणि जुन्यातली चार-पाच गाणी, बस. सगळं पाठ करून गेलात तर मंचावरच्या प्रत्येक फरकाला तुम्ही चूक समजाल. आणि त्या दौऱ्याची सेटलिस्ट, म्हणजे वाजणाऱ्या गाण्यांची यादी, पहिल्या शोआधी बघू नका. पुढचं गाणं कोणतं हे माहीत नसताना ड्रमच्या पहिल्या चार ठोक्यांवर ते ओळखू येणं, हे सुख एका बँडच्या बाबतीत एकदाच मिळतं.

४. शोची रात्र

तिकिटावर दोन वेळा असू शकतात: दारं उघडण्याची आणि वाजवायला सुरुवात होण्याची. एकच दिली असेल तर ती बहुधा दारांची असते. दारं उघडल्यावर अर्ध्या तासात आत असा.

ओपनिंग बँडला पूर्ण ऐका, पण आवाजावरून त्याचा न्याय करू नका. बहुतेक ठिकाणी साउंडचेक, म्हणजे शोआधीची आवाजाची चाचणी, उलट्या क्रमाने होतो. मुख्य बँड सर्वात आधी, ओपनिंग सर्वात शेवटी, म्हणजे ओपनिंगची मांडणी मंचावर तशीच राहते. मुख्य बँडचं लांबलं की वेळ कुणाचा जातो? ओपनिंगचा. कधी कधी त्यांना फक्त प्रत्येक तार जोडलेली आहे का एवढं तपासायला मिळतं आणि दारं उघडतात. पहिल्या गाण्यात आवाज बुजलेला वाटला तर त्यात बँडचा दोष नसतो. रिकाम्या हॉलमध्ये लावलेला आवाज माणसं भरल्यावर बदलतो, आणि साउंड इंजिनिअर पहिली दोन गाणी तेच सुधारत असतो. त्यामुळे तिसऱ्या गाण्यापासून ऐकून मत बनवा.

कुठे उभं राहायचं

पहिली रांग म्हणजे सर्वोत्तम जागा, हा समज सोडा. गाणाऱ्याचा आवाज दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून येतो आणि अगदी पुढे उभं राहिलं की तो तुमच्या बाजूने निघून जातो. कानात शिरतात ते थेट मंचावरचे ड्रम आणि गिटारचा अँप. शब्द कळत नाहीत म्हणून गायकाला दोष दिला जातो, तेव्हा बोलणारा बहुधा पहिल्या रांगेत उभा असतो. साउंड इंजिनिअर बसतो तो मिक्सिंग कन्सोल शोधा आणि त्याच्या दोन-चार पावलं पुढे उभे राहा. इंजिनिअर जे ऐकून आवाज जुळवतो, साधारण तेच तुम्हाला ऐकू येईल. भिंत आणि कोपरे टाळा, तिथे बेस साचतो.

तरीही पहिल्या शोला थोडा वेळ पुढे जा, पण ते ऐकण्यासाठी नव्हे, बघण्यासाठी. शेवटचा ठोका जवळ आला की बेस वाजवणारा ड्रमरकडे बघतो. ड्रमर हनुवटी किंचित खाली करतो आणि सगळे एकदम थांबतात. गायकाच्या पायाशी काळ्या टेपने चिकटवलेला कागद असतो. त्यावर गाण्यांची पूर्ण नावं नसतात, बँडने आपापसात ठेवलेली टोपणनावं असतात, आणि बाजूला गिटार कुठल्या ट्यूनिंगमध्ये लावायची याची खूण. दोन गाण्यांच्या मध्ये गिटार बदलली जाते ती बहुतेकदा याच खुणेमुळे. हे एकदा दिसलं की पुढच्या शोमध्ये गिटार बदलताना पाहूनच कोणती गाणी येऊ शकतात याचा अंदाज यायला लागतो.

फोन

एक गाणं रेकॉर्ड करा आणि फोन खिशात ठेवा. छातीच्या उंचीवर धरा, फ्लॅश बंद, कन्सोलजवळून. स्पीकरसमोर फोनचा माइक कोलमडतो आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसती खरखर येते. अख्खा शो चित्रित केलात तर तुम्ही तो तळहाताएवढ्या पडद्यावर बघितलेला असेल आणि पुन्हा कधी उघडणारही नाही.

*तपासा:* मुख्य बँड सुरू होण्याआधी प्लग कानात, आणि बाहेर पडायचा रस्ता कुठे ते माहीत. गर्दी पुढे ढकलायला लागली आणि तुम्हाला ते नको असेल तर कडेने मागे या. कुणी पडलं तर आधी त्याला उचलायचं, गाणं नंतर.

५. मर्चचं टेबल

छोट्या बँडचं मानधन पुष्कळदा प्रवासातच संपतं. टी-शर्ट, रेकॉर्ड आणि कॅसेट विकून पुढच्या गावाचं इंधन निघतं. त्यामुळे जिथे बँडच्या हातात जास्तीत जास्त पैसे पडतील तिथे खर्च करा. काही जागा टेबलावरच्या विक्रीतूनही हिस्सा घेतात, तरी थेट खरेदीला तोड नाही. ऑनलाइन घ्यायचं झालं तर बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेतं. २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटा सोडतं. मोठी खरेदी करायची असेल तर तो दिवस धरा.

टी-शर्टचे मधले साइज लवकर संपतात, म्हणून मुख्य सेटच्या आधीच बघून घ्या. रेकॉर्ड मात्र शेवटी. गर्दीत त्याचे कोपरे दुमडतात, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवलात तर तबकडी वाकडी होते.

बँडशी बोलायची वेळ चुकू नका. सेट संपल्याबरोबर त्यांना मंच मोकळा करायचा असतो, पुढचा बँड वाट बघत असतो. दोन हातांत झांजांचे स्टँड घेतलेल्या ड्रमरला फोटोसाठी थांबवू नका. ते टेबलाशी येतील तेव्हा जा, एखाद्या नेमक्या गाण्याबद्दल बोला आणि मागच्याला जागा द्या. "तिसऱ्या गाण्याचा शेवट रेकॉर्डवर वेगळा आहे ना?" असा प्रश्न विचारलात तर ते मनापासून बोलतात. मंचावरचा सेटलिस्टचा कागद हवा असेल तर मागा. स्वतः मंचावर हात घालू नका, तिथे पायाखाली चालू असलेली उपकरणं असतात.

त्याच टेबलावर बहुधा मेलिंग लिस्टची वही किंवा कोड असतो. त्यात पत्ता लिहिल्याशिवाय बाहेर पडू नका.

*सावधान:* घरी आल्यावर कानात शिटी वाजत असेल तर प्लग नीट बसले नव्हते किंवा फार जवळ उभे होतात. काही दिवस मोठा आवाज टाळा. दुसऱ्या दिवशीही शिटी राहिली तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

६. दुसरा शो

पहिल्या शोनंतर त्याच रात्री किंवा सकाळी वहीत लिहा: गाण्यांचा क्रम, आठवेल तेवढा, आणि कोणतं गाणं रेकॉर्डपेक्षा वेगळं वाटलं. न ओळखता आलेल्या गाण्याची एखादी ओळ तरी उतरवून ठेवा. मग सेटलिस्ट डॉट एफएमवर जा. तिथल्या याद्या श्रोतेच भरतात, त्यामुळे छोट्या बँडचे बरेच शो रिकामे असतात. तुम्ही भरा. छापील कागद हातात असला तरी तो जसाच्या तसा टाकू नका. मंचावर गाणी गाळली जातात, क्रम बदलतो. खरंच वाजलं तेवढंच लिहा, एन्कोर (शो संपल्यावर परत येऊन वाजवलेली गाणी) वेगळा दाखवा.

आता दुसरा शो निवडा, आणि शक्यतो वेगळ्या परिस्थितीतला. पहिल्यांदा ओपनिंग म्हणून पाहिला असेल तर आता त्यांचा स्वतःचा शो. अर्ध्या तासाच्या सेटमध्ये बँड आपली सर्वात खात्रीची गाणी वाजवतो, तास-सव्वा तासात त्याला श्वास घ्यायला, धोका पत्करायला जागा मिळते. फेस्टिव्हलमध्ये पाहिला असेल तर बंद हॉलमध्ये बघा.

दुसऱ्या शोमध्ये ऐकायचं ते बदललेलं. सुरुवातीचं गाणं तेच आहे का? कोणत्या गाण्याचा शेवट लांबला? दोन गाण्यांमधली शांतता भरून काढली आहे का? मागच्या वेळी वहीत एक ओळ लिहून ठेवलेलं ते अनोळखी गाणं पुन्हा आलं का, आणि त्याचे शब्द तेच आहेत का? बरेच बँड नवी गाणी रेकॉर्ड करण्याआधी मंचावर घासून बघतात. पहिल्यांदा ऐकलेलं कडवं दुसऱ्यांदा गायब झालेलं असतं, संथ असलेला भाग वेगात आलेला असतो. अल्बम येईल तेव्हा इतरांना फक्त निकाल ऐकू येईल. तुम्ही ते गाणं घडताना ऐकलेलं असेल. शोंच्या मागे जाण्याचं माझ्यासाठी सर्वात मोठं कारण हेच आहे.

दोन्ही शोमध्ये सगळं तंतोतंत सारखं वाटलं, बोललेली वाक्यंसुद्धा, तर तो बँड रेकॉर्डवर ऐकायचा. त्यात कमीपणा काही नाही, पण प्रवासाचे पैसे दुसऱ्या बँडसाठी ठेवा.

७. माग न चुकवण्याची व्यवस्था

समाजमाध्यमांवर फॉलो केलं म्हणजे बातमी मिळेल, असं धरून चालू नका. कुणाची पोस्ट कुणाला दाखवायची हे ते माध्यम ठरवतं, बँड नाही. भरवशाचा क्रम असा: आधी बँडची मेलिंग लिस्ट, मग बँडकॅम्पवरचा फॉलो, मग तुमच्या यादीतल्या जागांची पत्रकं, आणि सर्वात शेवटी साँगकिक किंवा बँड्सइनटाउनसारखी ॲप. ॲपवरची तारीख बँडच्या पानावर दिसल्याशिवाय पक्की समजू नका. पहिलं पत्र स्पॅममध्ये गेलं का ते बघा आणि पत्ता संपर्कात जोडा. आगाऊ विक्रीचे कोड याच पत्रांतून येतात.

दुसऱ्या गावी शो असेल तर परतीची सोय आधी, तिकीट नंतर. शेवटची गाडी किती वाजता सुटते ते बघून एन्कोरपर्यंत थांबता येईल का ते ठरवा. थांबता येत नसेल तर मुक्कामाची व्यवस्था करा किंवा तो शो सोडून द्या. सतत घड्याळाकडे बघत ऐकलेला शो पुरता ऐकलेला नसतो. छोट्या दौऱ्यांमध्ये गाडी बिघडते, कुणी आजारी पडतं, शो पुढे जातो. म्हणून रद्द करता येणारी आरक्षणंच करा आणि निघण्याच्या दिवशी सकाळी बँडचं पान पुन्हा उघडा.

८. रेकॉर्डिंग आणि जतन

काही बँड श्रोत्यांना शो रेकॉर्ड करू देतात, काही अजिबात नाही. आधी विचारा, लेखी उत्तर ठेवा. इंटरनेट आर्काइव्हचा लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह हा संग्रह २००२ पासून चालू आहे आणि तो परवानगी दिलेल्या बँडचीच रेकॉर्डिंगं घेतो. तुमच्या बँडचं नाव तिथे आहे का ते बघा. फुगाझी या अमेरिकन पंक बँडने स्वतःच्या शेकडो शोंची रेकॉर्डिंगं तारीख आणि जागेनुसार लावून खुली केली आहेत. एकाच बँडचे वेगवेगळ्या वर्षांतले शो शेजारी ठेवून कसे ऐकायचे, याचा सराव करायला ती मालिका फार चांगली आहे.

स्वतः रेकॉर्ड केलंत तर रेकॉर्डरची पातळी खाली ठेवा. हळू आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला दुरुस्त होत नाही. मूळ फाइल फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न गमावणाऱ्या फाइलप्रकारात, जपा. एमपी३ पुन्हा फ्लॅकमध्ये बदलून कुणाला देऊ नका, गेलेला आवाज परत येत नाही आणि पुढच्याची दिशाभूल होते. फाइलच्या नावात आधी बँड, मग वर्ष-महिना-दिवस, मग जागा. हाच क्रम कायम ठेवलात तर सगळं आपोआप तारखेनुसार लागतं. बँडला एक प्रत पाठवा. पुष्कळदा त्या रात्रीची त्यांच्याकडे दुसरी कुठलीच नोंद नसते. नवं, अप्रकाशित गाणं त्यात असेल तर त्यांच्या होकाराशिवाय ते कुठेही चढवू नका.

बँड शांत झाला, महिनोन्महिने तारीख नाही, तरी मेलिंग लिस्ट सोडू नका. मधल्या काळात त्याच लोकांचे दुसरे बँड शोधा. ड्रमर आणि बेस वाजवणारे सहसा आणखी दोन-तीन ठिकाणी वाजवत असतात, आणि त्यांची नावं तुम्ही घेतलेल्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला छापलेली असतात. ती नावं वहीत उतरवा आणि जागांच्या पानांवर बारीक अक्षरांत शोधायला लागा.